मनाची नोंद हृदयाच्या केसपेपरवर

पंचेचाळीस ते पंचावन्न या वयातली एखादी स्त्री छातीत धडधडते म्हणून हृदयरोग विभागात येते, तेव्हा तिच्या केसपेपरवर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, वजन, मिश्री-तंबाखूची सवय आणि माहेरी कुणाला हृदयविकार होता का, इतक्या गोष्टी हमखास लिहिल्या जातात. पण गेले काही आठवडे तिचे मन कसे आहे, हा प्रश्न विचारलेला मी फार क्वचित पाहिला आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कार्डियाक रिहॅब विभागात, म्हणजे अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर रुग्णांना देखरेखीखाली पुन्हा चालायला, जिने चढायला आणि आपापल्या कामाला लावणाऱ्या विभागात, बरीच वर्षे काम करते. या वयातल्या स्त्रीचे नैराश्य ही तिच्या हृदयाशी थेट संबंध असलेली वैद्यकीय बाब आहे आणि ती बीपीइतक्याच नेमाने विचारली गेली पाहिजे, लिहिली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या मताला केवळ माझ्या अनुभवाचा आधार नाही. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात पाळी गेलेल्या, ५० ते ७९ वयाच्या ९३,६७६ स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे १६ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्याची लक्षणे होती. आधी हृदयविकाराचा इतिहास नसलेल्या स्त्रियांपुरते पाहिले, तर ज्यांना ही लक्षणे होती त्यांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट निघाला, आणि वय, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, वजन या सगळ्यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही तो फरक उरला. ऑस्ट्रेलियात ४७ ते ५२ वयाच्या १०,५४७ स्त्रियांचा १२ वर्षे पाठपुरावा केला गेला. त्यात नैराश्य असलेल्या स्त्रियांना पक्षाघात होण्याचा धोका, इतर कारणे बाजूला काढल्यानंतर, १.९ पट आढळला. या वयात पक्षाघात मुळातच कमी होतो, त्यामुळे हा आकडा वाचून कुणी धास्ती घेऊ नये. मात्र बीपी थोडे वाढले की आपण मीठ कमी करतो, गोळी सुरू करतो, दर महिन्याला मोजतो. जवळपास दुप्पट धोक्याशी जोडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र कुणी वळूनही पाहत नाही, हे मला पटत नाही.

उलट दिशेचा संबंधही तितकाच पक्का आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर सुमारे पाच रुग्णांमागे एकाला तीव्र नैराश्य येते, स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि ज्यांना ते येते त्यांची पुढची वाटचाल अधिक अवघड होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये हे मान्य करून, झटक्यानंतरच्या काळात नैराश्याला धोका वाढवणारा घटक म्हणून औपचारिक स्थान द्यावे अशी शिफारस केली. आपल्याकडच्या लोकांना तर हा धोका लवकरच गाठतो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने झटक्याची जी नऊ प्रमुख कारणे काढली, त्यांत मानसिक-सामाजिक ताण हे एक होते. त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो असे दिसले.

मधल्या वयाचाच विचार वेगळा का करायचा, याचे उत्तर पाळीच्या शेवटच्या काही वर्षांत आहे. अमेरिकेत १९९६-९७ पासून सुमारे ३,३०० स्त्रियांचा मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पाळी अनियमित होऊ लागते तेव्हापासून नैराश्याची लक्षणे आधीच्या काळापेक्षा वाढतात. आणि शेवटच्या पाळीच्या आगेमागे, साधारण वर्षभराच्या अवधीत, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल एकदम उडी घेते. पोटाभोवतीची चरबी वाढते, रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा कमी होऊ लागतो, रात्री अंगातून वाफा निघून घामाने झोप मोडते. मनाचा उतार आणि रक्तवाहिन्यांचा उतार अशा रीतीने एकाच चार-पाच वर्षांत सुरू होतो. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे हा काळही अलीकडे येतो. ज्यांची ‘पिशवी’ चाळिशीच्या आतच काढली गेली आणि सोबत बीजकोशही काढले गेले, त्यांच्यात तर तो आणखी आधी आणि एका दिवसात सुरू होतो. माझ्याकडे येणाऱ्या, विशेषतः गावाहून मुंबईत आलेल्या स्त्रियांमध्ये अशा शस्त्रक्रियेचा इतिहास वारंवार निघतो आणि तो हृदयाच्या केसपेपरवर बहुधा लिहिलेला नसतो. ज्यांच्या बाबतीत हे घडले असेल त्यांनी तो न विचारता आपण होऊन सांगावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये, ४० ते ४९ या वयोगटात आणि महानगरांत जास्त असल्याचे नोंदले गेले. हे तिन्ही धागे एकत्र आले की मुंबईतली, चाळिशीच्या उत्तरार्धातली बाई डोळ्यांपुढे उभी राहते. बदलापूर किंवा विरारहून पहाटेची गाडी, परतताना भाजीची पिशवी, मुलाची बारावी, सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याच्या नोकरीची अनिश्चितता आणि दोन खोल्यांच्या घरात एकटीने बसायला नसलेला कोपरा, हे सगळे आपल्याला इतके परिचयाचे आहे की त्यातून येणारा थकवा हा आजार असू शकतो हे तिला आणि तिच्या घरच्यांना सुचतच नाही. ‘वयाचं आहे’, ‘पाळी जायची वेळ आली की होतंच असं’, ‘आमच्याही वेळी झालं होतं’ अशी वाक्ये तिला आई, सासू, थोरली जाऊ यांच्याकडून मिळतात. ती मायेनेच म्हटलेली असतात, पण त्यांच्यामुळे महिने जातात.

मन खचल्याने हृदयाला इजा कशी होते, हे मला रुग्णांना समजावून सांगावे लागते, म्हणून इथेही सविस्तर लिहिते. नैराश्यात शरीराची ताणाची यंत्रणा सतत चालू राहते. मेंदूकडून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जात राहतो आणि कॉर्टिसॉल जितके आणि ज्या वेळी उतरायला हवे तसे उतरत नाही. त्यामुळे रक्तातली साखर वाढते, पोटावर चरबी साठते आणि रक्तदाब चढा राहतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर निरोगी माणसात श्वासागणिक थोडे थोडे बदलत असते, कारण हृदयाला शांत करणारी व्हेगस चेता आणि त्याला पळवणाऱ्या चेता यांचे काम सतत आलटून-पालटून चालते. नैराश्यात हा बदल कमी होतो, ठोके एकसुरी होतात, आणि अशा हृदयात ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता वाढते. रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनसारखे दाहाचे निदर्शक वाढलेले आढळतात. दाह वाढला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचे काम बिघडते आणि चरबीचा थर जमायला जागा मिळते. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) अधिक चिकट होतात. पाळी चालू असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक या अस्तराला काही प्रमाणात सांभाळून घेत असते. ते कमी होते नेमके त्याच वर्षांत हा सगळा मारा सुरू झाला, तर दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळतो.

याखेरीज वागण्यातून होणारे नुकसान वेगळे, आणि माझ्या कामात मला ते अधिक दिसते. नैराश्य असलेली व्यक्ती चालायला जात नाही, जेवण टाळते किंवा चहा-बिस्किटांवर दिवस काढते, रात्री जागी राहते आणि गोळ्या चुकवते. स्टेंट बसवल्यानंतरच्या वर्षात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकवल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो, इतकी ती गोष्ट गंभीर आहे.

आमच्याकडे पहिल्या दिवशी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी होते. तीस मीटरच्या सपाट मार्गिकेच्या दोन टोकांना केशरी शंकू ठेवलेले असतात, रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर असतो, आणि तिने आपल्या वेगाने ये-जा करायची, थांबावेसे वाटले तर थांबायचे, एवढाच नियम. शेवटी एकूण अंतर मोजतो आणि श्रम किती वाटले हे ६ ते २० अंकांच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगतो. स्टेंट बसवून काही आठवडे झालेली, पोळी-भाजी केंद्र चालवणारी, पन्नाशीच्या अलीकडची एक स्त्री या चाचणीत तिसऱ्याच मिनिटाला भिंतीला टेकून उभी राहिली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ऑक्सिजन ९८, नाडी ९२, बीपी ठीक, छातीत दुखत नव्हते, पाय भरून आले नव्हते. तक्त्यावर तिने ११ वर बोट ठेवले, म्हणजे श्रम हलके. मी विचारले, “दम लागला का?” ती म्हणाली, “नाही हो मॅडम, दम नाही लागला. पुढं जावंसंच वाटत नाही.”

हृदय चालायला तयार होते आणि बाई तयार नव्हती. तिला खुर्चीवर बसवून पाणी दिले आणि घरी सकाळ कशी जाते असे विचारले, तेव्हा तिने सांगितले की पूर्वी पहाटे चार किलो पिठाची कणीक तिंबून होईपर्यंत उजाडत नसे, आता परात पुढ्यात घेऊन ती नुसती बसून राहते आणि पिठात पाणी घालायचे राहून गेले हे सून येऊन सांगते तेव्हा कळते. हे झटक्यानंतर सुरू झाले का, असे विचारल्यावर ती म्हणाली की नाही, पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हापासूनच, म्हणजे झटक्याच्या साधारण दोन वर्षे आधीपासून. पिशवीतून गोळ्यांची पाकिटे काढायला लावली, तर रात्रीच्या गोळ्या जितक्या संपायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याच संपल्या होत्या. तिची फाईल जाडजूड होती. अँजिओग्राफीचा अहवाल, टूडी इको, तीन-तीन वेळा केलेले लिपिड प्रोफाइल, सगळे होते. दोन वर्षांच्या त्या उदासीबद्दल कोणत्याही पानावर एक शब्दही नव्हता.

तिला त्याच दिवशी मानसोपचार विभागात पाठवले, औषध आणि समुपदेशन सुरू झाले, आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी तिने न थांबता पूर्ण केली. तिचे हृदय मनाच्या औषधाने बरे झाले असा दावा मी करणार नाही. तिच्या स्टेंटच्या गोळ्या वेळेवर पोटात जाऊ लागल्या आणि ती आठवड्यातून तीनदा व्यायामाला येऊ लागली, हे मात्र मी स्वतः नोंदवले आहे.

लक्षणांच्या बाबतीत इथे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो आणि त्यांतली एक चूक जिवावर बेतू शकते. छातीत दडपण, श्वास अपुरा पडणे, मळमळ, जबड्यात, पाठीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखणे, दरदरून घाम आणि एकाएकी आलेला विलक्षण थकवा ही स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणे असू शकतात. ‘तिला टेन्शन आहे’, ‘ती मनाला लावून घेते’ असे म्हणून घरीच लिंबू-सरबत देत बसणे धोक्याचे आहे. आधीपासून नैराश्याचे औषध चालू असलेल्या स्त्रीला तर हे जास्तच ऐकावे लागते. नवे, अचानक आलेले किंवा वीसेक मिनिटांत न थांबणारे असे लक्षण दिसले, तर १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्यावी. मनाचा विचार त्यानंतर. अतीव दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता फुगून दुबळा होण्याचा एक विकारही आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले आणि तो बहुतांशी पाळी गेलेल्या स्त्रियांनाच होतो. सुरुवातीला तो झटक्यासारखाच दिसतो, म्हणून तोही रुग्णालयातच ओळखता येतो.

दुसऱ्या बाजूने, थकवा, धडधड, झोप न लागणे हे सगळे नैराश्याचेच आहे असे गृहीत धरण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि शुगर पाहणे आवश्यक आहे, कारण या वयातल्या आपल्या स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे आणि थायरॉईड मंदावणे फार आढळते. आणि अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे छातीतले दुखणे मनाचे खेळ आहेत, असेही होत नाही. स्त्रियांमध्ये मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे काम बिघडलेले असू शकते. असा अहवाल हातात घेऊन, ‘काहीच निघालं नाही’ म्हणून घरच्यांची बोलणी खात बसलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. दुखणे चालू राहिले तर पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

नैराश्याच्या उपचाराने हृदयाचा धोका कमी होतो का, या प्रश्नाचे उत्तर अजून एकसारखे नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,४८१ रुग्णांच्या ‘एनरिच्ड’ चाचणीत समुपदेशनाने नैराश्य कमी झाले, पण मृत्यू आणि दुसरा झटका यांचे प्रमाण कमी झाले नाही. दक्षिण कोरियात ३०० रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरचे औषध घेतलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत हृदयाच्या गंभीर घटना ४०.९ टक्के रुग्णांना, तर औषधाविना गोळी दिलेल्या गटात ५३.६ टक्के रुग्णांना झाल्या. मला विचाराल तर नैराश्याचा उपचार करायला एवढ्याही पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परातीपुढे बसून राहणाऱ्या बाईला पुन्हा कामात गोडी वाटणे हे स्वतःच पुरेसे कारण आहे. सर्ट्रालीनसारखी औषधे झटक्यानंतरही सुरक्षितपणे देता येतात हे २००२ पासून माहीत आहे. मात्र या गटातल्या काही औषधांनी ईसीजीतल्या एका अंतरात फरक पडतो, काहींनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो आणि जुन्या प्रकारच्या काही गोळ्या हृदयरुग्णांना टाळाव्या लागतात. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्या आणि मनाच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्या, दोन्ही पाकिटांसह दाखवाव्यात आणि कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. केवळ हृदय सांभाळण्यासाठी पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करू नयेत. वाफा आणि घामाचा त्रास असह्य असेल तर त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांशी स्वतंत्रपणे बोलावे.

व्यायाम मन आणि हृदय या दोन्हींवर काम करतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही रिहॅबला पाठवल्या जाणाऱ्या आणि प्रत्यक्ष येणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कमी असते, हे जगभर दिसले आहे आणि आमच्याकडेही दिसते. पुरुषाला त्याची बायको घेऊन येते. बाईला कोण घेऊन येणार, हा प्रश्न घरात आधी सोडवावा लागतो.

मुंबईत सोय नाही असे नाही. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हृदयरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत, आणि ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण देणे बंधनकारक आहे. पॉलिसी काढताना ते कलम वाचून घ्यावे.

विचारायचे प्रश्न दोनच आहेत आणि ते जगभर वापरले जातात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, आणि उदास, खिन्न किंवा निराश वाटते का? प्रत्येकाला ‘मुळीच नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज तीन किंवा अधिक झाली की नऊ प्रश्नांची सविस्तर चाचणी आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट. त्या नवांतला शेवटचा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही आणि उद्यावर ढकलायचे नाही.

आमच्या विभागाच्या पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर हे दोन प्रश्न आता बीपीच्या रकान्याखालीच छापलेले आहेत आणि गुण हृदयरोगतज्ज्ञांच्या फाईलवरही चढवले जातात. सुरुवातीला जवळपास प्रत्येक बाई ‘सगळं ठीक आहे’ म्हणायची, कारण शेजारी नवरा किंवा मुलगा उभा असायचा. म्हणून आता नातेवाइकांना औषधांच्या खिडकीवर पाठवल्यानंतरच आम्ही हे प्रश्न विचारतो.